दोघांची एक नोंद

हिशेब सरळ होता. इस्पितळाच्या जुन्या जन्मनोंदी एकदा ऑनलाइन चढल्या, की चौकशीच्या खिडकीतली गोल फिरणारी खुर्ची भाऊंना मिळणार होती. तळघरातल्या धुळीत हयात घालवलेल्या कारकुनाला एवढं पुरे होतं. मधे काटा एकच होता, तो म्हणजे त्यांची बायको, ऑफिसातल्या सगळ्यांच्या वहिनी.

जुनं वळणदार अक्षर वाचता येणारं माणूस मिळेना, तेव्हा भाऊंनीच साहेबांना सुचवलं होतं, "आमच्या घरात आहे एक. सासरे कोर्टात कागदांच्या नकला उतरवायचे, त्यांच्या मांडीवर बसून शिकलीय." घरचंच माणूस हाताखाली येईल, असा त्यांचा होरा होता. वहिनी आल्या आणि महिन्याभरात भाऊच हाताखालचे दिसू लागले.

कामाची रीत अशी: एकच पान दोघांनी, एकमेकांचं न बघता, संगणकात भरायचं. दोन्ही नोंदी जुळल्या की पान पक्कं. नाही जुळल्या, तर साहेब मूळ पान बघून निकाल देणार. निकाल नेमाने वहिनींच्या बाजूने लागत.

"वहिनी, तुमचा डोळा म्हणजे भिंग आहे हो!" साहेब म्हणत.

भाऊ शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत. मोडेपर्यंत काढत.

"आज चहा अगदी पाणचट," ते घरी कुरकुरत.

"तुम्हीच केलाय," वहिनी म्हणत.

मग ते लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर हाती आलं. पुठ्ठ्यावर एक साल छापलेलं होतं, पण मधली काही पानं त्याच्या आदल्या सालची होती. त्यांवर दिवस नि महिना होता, साल नव्हतं. शाई मात्र निराळी, अक्षर निराळं. वहिनींनी आदलं साल भरलं. भाऊंना तर शाई बघायचीही गरज नव्हती. ते रजिस्टर बांधायला त्यांनीच दिलं होतं, आणि बाइंडरने पानांची सरमिसळ केली म्हणून घरी येऊन त्याला शिव्याही घातल्या होत्या. तरी त्यांनी पुठ्ठ्यावरचं साल भरलं.

"वहिनी, पुठ्ठ्यावर ढळढळीत छापलंय की," साहेब म्हणाले.

"पण साहेब, अक्षर बघा ना."

"हे रजिस्टर माझ्या हातून गेलंय साहेब," भाऊ म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

भाऊंची नोंद पक्की झाली. वहिनींना त्या बाइंडरला घातलेल्या शिव्या अजून आठवत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचं पान ओढलं.

"तुम्ही काय भरलंय?" त्यांनी विचारलं, आणि तेच भरलं.

तेव्हापासून हीच रीत पडली. सगळं जुळू लागलं. एकदा भाऊंनी मुद्दाम मुलाच्या जागी मुलगी सांगितली. वहिनींनी मुलगी भरली. दोन्हीकडची चूक भाऊंना गुपचूप सुधारावी लागली. साहेबांनी मात्र खूश होऊन सगळं चढायच्या आधीच खुर्ची देऊन टाकली; वहिनी मागच्या टेबलावर उरलेलं भरत राहिल्या.

त्या खुर्चीसमोर एक दिवस एक आजी आल्या.

"माझ्या पहिल्या बाळाची नोंद बघायचीय, बाबा. आठवडाभराचा होऊन गेला. नाव ठेवायचंही राहिलं. फोटो नाही, काही नाही. कागदावर तरी एकदा बघते त्याला."

भाऊंनी आजींनी सांगितलेलं साल आणि आईचं नाव टाकलं. 'नोंद सापडली नाही.' लाल रजिस्टरातल्या त्या मधल्या पानांचंच हे साल. पुढचं साल टाकलं की सापडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ते साल खोटं, हे आजी खिडकीतच बोलून दाखवणार, हेही. बोट त्या आकड्यावर जाऊन थांबलं. मागे वहिनींच्या टायपिंगचा आवाजही थांबला होता.

"काय निघालं हो?" वहिनींनी विचारलं.

भाऊंनी मागे बघितलं नाही. "नाही निघालं."

"बरं," वहिनी म्हणाल्या. टायपिंग पुन्हा सुरू झालं.

"आजी, सालात गफलत होत असेल तुमची."

"साल कसं चुकेल रे मला?" आजी म्हणाल्या. मग पडद्याच्या उजेडाकडे बघत राहिल्या. "मशीन म्हणतंय तर असेल. वय झालं. मीच चुकत असेन."

तर जमेला भाऊंना खुर्ची, साहेबांना वरून शाबासकी, वहिनींच्या डोळ्यांना विसावा. चुकतं केलं ते आजींनी. जिना उतरताना त्या ते साल पुटपुटत होत्या, आणि खालच्या पायरीवर पोचेपर्यंत ते नुसतं विचारल्यासारखं ऐकू येत होतं.