दिवाकररावांच्या अकरा कॅसेटी

रघुनाथरावांना फुशारकी मारायची सवय नव्हती असं कोणी म्हणालं, तर पहिलं हसू त्यांच्या बायकोलाच फुटेल. पण या वेळची फुशारकी जरा जास्तच झाली होती आणि तिचा निकाल रविवारी संध्याकाळी पाच वाजता लागणार होता.

झालं असं, की त्यांचा नातू कौशिक झाशीबाहेरच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होता आणि तिथेच काम करणारी देविका त्याला आवडली होती. तिलाही हा आवडला होता. मुलगा मराठी, मुलगी मराठी, मग घोडं अडलं कुठे? अडलं देविकाच्या वडिलांपाशी. राजाभाऊ मूळचे नाशिकचे, त्याच कारखान्याच्या नोकरीपायी इकडे आलेले. गणपतीत मराठी मंडळाच्या मांडवात, चारचौघांत, ते म्हणाले होते, "हे झाशीचे जुने लोक आडनावापुरते मराठी. तोंड उघडलं की हिंदी!" त्या वेळी रघुनाथराव त्यांच्या मागच्याच खुर्चीवर मोदक खात होते.

तो मोदक काही त्यांच्या घशाखाली उतरला नाही. पेशव्यांच्या काळात कारभार बघायला आलेलं घराणं त्यांचं, आठ पिढ्या इथे गेल्या, आणि हा कालचा आलेला माणूस आपल्याला मराठीचं सर्टिफिकेट देणार? म्हणून परवा राजाभाऊंनी "मुलांच्या मनात आहे म्हणतात, एकदा येऊन जातो," असा फोन केला, तेव्हा रघुनाथरावांनी छाती फुगवून सांगून टाकलं, "अवश्य या. आमच्या घरात मराठीशिवाय पान हलत नाही. आणि कौशिक तर अशी शुद्ध मराठी बोलतो, की तुम्ही ऐकतच राहाल!"

फोन ठेवल्यावर त्यांच्या बायकोने, अनुसूयाबाईंनी, चष्मा कपाळावर चढवला. "काय हो, हा कौशिक कोणता? मला पण भेटवा एकदा."

घरातल्या कौशिकची मराठी सगळ्यांना माहीत होती. त्याला समजायचं सगळं. बोलायला लागला की मात्र, "आजी, मी खाना बाद में खाईन, अभी भूक नाही लागली." आईवडील बदलीच्या नोकरीत गुवाहाटीला, घरात हे दोन म्हातारे, बाहेर सगळं हिंदी आणि बुंदेली. पोराने मराठी शिकायची कुठून? आणि आता पाच वाजता त्याने तोंड उघडलं आणि हिंदी बाहेर पडली, तर रघुनाथरावांची अब्रू जाईल ती जाईलच, पोराचं लग्नही मोडायचं. या विचाराने म्हातारबुवांना दोन दिवस झोप नव्हती.

शनिवारी दुपारी त्यांना कपाटावरचा बुटांचा खोका आठवला.

त्या खोक्याची गोष्ट अशी. एकोणऐंशी साली रघुनाथराव तेहतीस वर्षांचे होते आणि रेडिओने वेडे झाले होते. झाशीत रेडिओवर हिंदी हवं तेवढं यायचं, पण नागपूरचं मराठी स्टेशन रात्री जेमतेम खरखरायचं. म्हणून त्यांनी नागपूरला दिलेल्या धाकट्या बहिणीला, सिंधूला, पत्र टाकलं: एक दिवसभराचा रेडिओ टेप करून पाठव. काम पडलं तिच्या नवऱ्याच्या गळ्यात. दिवाकरराव सांगकाम्या माणूस. दिवसभर म्हणजे दिवसभर! एक दिवसाची रजा काढून त्यांनी रेडिओसमोर स्टूल ठेवलं, स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि पहाटेच्या सुरावटीपासून रात्रीच्या समाप्तीपर्यंत भजनं, बातम्या, बाजारभाव, कपाशीवरची कीड असं सगळं अकरा कॅसेटींत भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

"या कॅसेटी म्हणजे मराठीची शाळा आहे," रघुनाथराव म्हणाले. "उद्या सकाळी सहाला सुरू. पाचपर्यंत पोरगा तयार!"

"आणि नाही झाला तर?"

"तू मोडता घालू नकोस."

सीपरी बाजारातल्या मिस्त्रीने टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा बदलून दिला आणि रविवारी सकाळी सहाला कौशिक आंघोळ करून, जांभया देत, टेबलासमोर बसला. मोबाइल डब्यात बंद. रघुनाथराव छडीविना मास्तर झाले होते. "आमच्या काळी रेडिओ असाच ऐकायचे. ताठ बसून. बातम्या चालू असताना कोणी जागचं हलत नसे."

"हलणार कसे?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "बातम्या लागल्या की तुम्ही घोरायला लागायचात."

भजनं झाली, हवामान झालं, बातम्या झाल्या. निवेदकाचं एक वाक्य झालं की रघुनाथराव टेप थांबवायचे आणि कौशिक ते म्हणायचा. पोरगा हुशार, पाठांतर झकास. आठ वाजेपर्यंत त्याला 'परिस्थिती नियंत्रणात असून' आणि 'असे सूत्रांकडून समजते' हे घोटून आलं होतं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाने तर त्याला तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीची सगळी जन्मकुंडली शिकवली.

"आजोबा," तो मध्येच म्हणाला, "हा आदमी घरी पण असाच बोलायचा? बीवीसोबत?"

रघुनाथरावांनी विचार केला. असं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात कपाशीच्या खतांमधून एक बाईचा आवाज आला, अगदी जवळून. "अहो, बघा न, लाल दिवा लागून राहिला का?"

"श्श! बोलू नकोस. टेप होतंय."

"मी कुठं बोलून राहिली?"

कौशिक खो-खो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. "आजोबा, ही कोण?"

रघुनाथरावांचा हात बटणावरच राहिला. "सिंधू," ते म्हणाले. "माझी बहीण. तुझी नागपूरची आजी."

सिंधूला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती गेल्यापासून त्यांनी या खोक्याला हात लावला नव्हता, आणि त्यात ती आहे हे ते साफ विसरले होते. आठवलं ते आणखी वाईट. कॅसेटी आल्या तेव्हा त्यांनी तिला रागाचं कार्ड लिहिलं होतं: रेडिओ पाठव म्हटलं होतं, तुमचा संसार नव्हे. मध्ये मध्ये बडबडून सगळं खराब केलंस. ते कार्ड आठवून म्हाताऱ्याला एकदम रडू आलं. मग कौशिकने बघू नये म्हणून ते त्याच्यावरच खेकसले, "हसतोस काय? पुढचं वाक्य म्हण!"

पण त्यानंतर शाळेची शिस्त बिघडली. कौशिकचं लक्ष निवेदकाकडे लागेना, तो सिंधूची वाट बघायला लागला. महिलांच्या कार्यक्रमात ती भाजी धुण्यावरून निवेदिकेशी वाद घालत होती. बाजारभाव चालू असताना तिचं दूध उतू गेलं आणि तिने दिवाकररावांना असं फैलावर घेतलं, की संत्र्यांचा भाव कोणाला ऐकूच आला नाही. कौशिक तिच्या नकला करायला लागला. रघुनाथराव "ते नको, हे शिक!" म्हणून ओरडत होते आणि तिचा आवाज आला की स्वतःच टेप मागे नेत होते.

एक वाजता अनुसूयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जेवायला चला."

"बातम्या चालू आहेत."

"एकोणऐंशी सालच्या आहेत हो त्या! आणखी थांबतील. भात नाही थांबायचा."

पाचाच्या ठोक्याला गाडी दाराशी आली. राजाभाऊ इस्त्रीच्या कडक कपड्यांत, त्यांच्या पत्नी शशिकलाबाई हातात पेढ्यांचा डबा घेऊन, आणि मागे देविका, साडीत, खाली मान घालून. तिने वाकून नमस्कार केला आणि एक अक्षर न बोलता बसली. किती शालीन मुलगी, रघुनाथरावांना वाटलं, आणि त्यांची काळजी आणखी वाढली.

पोहे आले. राजाभाऊंनी सुरुवात केली. "काय कौशिक, कामाचं कसं चाललंय?"

कौशिक ताठ बसला. "कामाची परिस्थिती समाधानकारक असून कोठेही अनुचित प्रकार घडल्याचे वृत्त नाही."

राजाभाऊंचा चमचा हवेतच थांबला. रघुनाथराव 'बघा!' अशा नजरेने हसले, पण ते हसू काही टिकेना.

"वा," शशिकलाबाई म्हणाल्या. "आणि घरात आजीला मदत करतोस का रे?"

"गृहिणींनी हिरव्या पालेभाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्यात, चिरल्यानंतर नव्हे."

"अच्छा," राजाभाऊ म्हणाले. "बरं, पुढचा काय विचार आहे?"

"येत्या चोवीस तासांत विशेष बदल संभवत नाही."

देविकाने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. हसू आवरताना तिचा हात टेबलाला लागला, चहाचा कप कलंडला आणि चहा थेट राजाभाऊंच्या इस्त्रीच्या पँटकडे निघाला. कौशिक टुणकन उठला. "अहो, बघून काय राहिले? फडकं आणा न! कपडे खराब होऊन राहिले!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग शशिकलाबाईंनी टाळीच वाजवली. "अगं बाई! हे तर माझ्या माहेरचं, अमरावतीकडचं बोलणं. याला कुठून आलं?"

"मी पण तेच विचारतो," राजाभाऊ पँट पुसत म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण गोडही नव्हता. "रघुनाथराव, आधी आकाशवाणी, मग अमरावती. खरं सांगा. तुमच्या घरात मराठी बोलतात का?"

रघुनाथरावांनी बायकोकडे पाहिलं. तिने भुवया उंचावल्या, बोला आता. कौशिककडे पाहिलं. पोरगा देविकाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा इतका उतरला होता, की रघुनाथरावांना आपली लाज वाटली. आपल्या फुशारकीपायी या पोराला सकाळपासून अळ्या आणि बाजारभाव पाठ करायला बसवलं.

"नाही," ते म्हणाले. "मी थाप मारली. मी आणि ही बोलतो, तेही निम्मं हिंदी. याला समजतं, बोलता येत नाही. गणपतीत तुम्ही म्हणालात ते खरं होतं, म्हणूनच मला झोंबलं. आज दिवसभर याला जुन्या रेडिओच्या कॅसेटी ऐकवून तयार केला. माझी चूक आहे, त्याची नाही. मुलगा चांगला आहे हो."

राजाभाऊंनी पँट पुसायचं थांबवलं. मग बायकोकडे बघून खाकरले आणि म्हणाले, "देविका, बोल."

देविका दचकली. उभी राहिली. "नमस्कार. माझे नाव देविका आहे. मला... मला पुरणपोळी करायला आवडते. आपले घर फार..." तिने आईकडे पाहिलं. "मम्मी, आगे क्या था?"

"प्रशस्त," शशिकलाबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या.

"हरिद्वारला जन्म, शाळा भोपाळला, बाकी सगळं इथे," राजाभाऊ खाली बघत म्हणाले. "सगळा जन्म कारखान्यांच्या कॉलनीत गेला तिचा. तुम्ही फोनवर म्हणालात, मराठीशिवाय पान हलत नाही, तेव्हा माझे तर हातपायच गळाले. दोन दिवस कागदावर लिहून पाठ करून घेतोय."

"काय रे," अनुसूयाबाई कौशिककडे वळल्या, "तुला माहीत होतं हिला येत नाही ते?"

"हो आजी. हिला पण माझं माहीत होतं. हम लोग तो हिंदीत बोलतो न. तुम्ही लोकांनी कोणी विचारलंच नाही."

यावर आधी अनुसूयाबाई हसल्या, मग शशिकलाबाई, मग राजाभाऊ. रघुनाथरावांना हसायला थोडा वेळ लागला, पण मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुन्हा चहा झाला. शशिकलाबाईंनी हट्टच धरला, म्हणून कॅसेट लागली. निवेदक बिचारा रब्बीच्या पेरण्यांबद्दल सांगत राहिला. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे कान लावून बसले होते ते मागच्या खोलीत दिवाकररावांचा हरवलेला चष्मा शोधणाऱ्या सिंधूकडे. देविका खुर्ची ओढून टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ येऊन बसली. तिला अर्धं कळत होतं, अर्धं कौशिक सांगत होता.

निघताना राजाभाऊ दारात थांबले. "रघुनाथराव, एक विनंती होती. या कॅसेटी महिनाभर द्याल? देविकाला ऐकवीन म्हणतो. कागदावरून पाठ करण्यापेक्षा हे बरं."

"नाही," रघुनाथराव म्हणाले.

इतकं ताडकन म्हणाले, की राजाभाऊंचा चेहराच पडला. अनुसूयाबाईंनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. आत्ता कुठे सगळं जुळत होतं!

"तसं नव्हे," रघुनाथराव गडबडीने म्हणाले. "माझ्या बहिणीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाहीये हो. मी तिला तेव्हा गप्प बस म्हणून लिहिलं होतं. या कॅसेटी मी नाही कोणाला देऊ शकत. त्या या घराबाहेर जायच्या नाहीत." मग एकदम म्हणाले, "तुम्हीच मुलगी इथे द्या. रोज ऐकेल."

राजाभाऊंनी आ वासला. "म्हणजे मी कॅसेट मागायची आणि मुलगी देऊन जायची?"

"हो," रघुनाथराव म्हणाले. "त्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही."

देविका गाडीचं दार उघडून उभी होती. ती काहीतरी हिंदीत म्हणायला गेली आणि थांबली. तिने आईकडे पाहिलं नाही, कागद आठवायचाही प्रयत्न केला नाही.

"मी येईन, आजोबा," ती म्हणाली.