आभाळाला लावलेलं ठिगळ

पुटपुटीने त्या तक्त्यावर तीन दिवस घालवले होते. वर निळं आभाळ, त्यातल्या ओझोनच्या थराला हे एवढं मोठं भोक, भोकातून भसाभसा घुसणारं ऊन आणि सुईदोरा घेऊन ठिगळ लावणारी मुलं. पृथ्वी का तापतेय, हे ती उद्या प्रदर्शनात माइकवर सांगणार होती. शब्द ओठांतच राहतात म्हणून वर्गाने जिचं नाव पुटपुटी पाडलं, तिने यंदा आपणहून हात वर केला होता!

विज्ञानाच्या बाईंनी तक्ता निरखून पाहिला. "छान काढलायस गं. पण ओझोन विरळ झाला की आपल्याला भाजणारे अतिनील किरण जास्त येतात. पृथ्वी तापतेय ती मुख्यतः त्यामुळे नाही."

पुटपुटीच्या पायाखालची जमीन सरकली. "मग… माझं नाव कापणार?"

"कापू कशाला? आधी बघ तर! तुझ्या मावशीला फोन करते मी."

मावशी वीजतंत्री. कारखान्यात कुठली तार तापलीय, ते ती उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात बघते. तो कॅमेरा घेऊन ती आली तीच घाईत. "चला बाई, खिडकीपलीकडे उभ्या राहा."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाईंचा चेहरा लालपिवळा झळकला. मग मावशीने खिडकीची काच सरकवली. डोळ्यांना बाई स्वच्छ दिसत होत्या, चक्क जीभ काढून वेडावत होत्या! पडद्यावरून मात्र साफ गायब.

"उजेड काचेतून जातो. तुझ्या बाईंची ऊब नाही जात," मावशी म्हणाली.

बाई आत आल्या. "हवेतला कार्बन डायऑक्साइड साधारण तसाच वागतो. ऊन येऊ देतो, पण जमिनीची ऊब वर निघाली की बरीचशी अडवतो. आणि आपण धूर सोडून तो वाढवतोय."

"म्हणजे भोक नाहीच! उलट पांघरूण जाड झालंय!" पुटपुटी एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की शिपाईकाका दारातून डोकावले.

"तक्ता फाडू?"

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "अर्ध्या शाळेच्या डोक्यात हेच चित्र आहे. त्याचं काय करायचं, ते तू ठरव."

दुसऱ्या दिवशी तिने तक्ता सगळ्यांसमोर टांगला. "हे मी काढलंय," ती म्हणाली, "आणि हे चुकलंय."

मग तिने मावशीचा कॅमेरा मोठ्या पडद्याला जोडला, गणिताच्या सरांना काचेमागे उभं केलं आणि पडद्यावरून गायब करून टाकलं. टाळ्याच टाळ्या!

"अरे देवा," सर काचेमागून म्हणाले, "वीस वर्षं मी त्या भोकालाच शिव्या घालतोय!"

बाईंनी आदल्या दिवशी लाल पेनाने फक्त एक फुली मारली असती, तर ही बया पुन्हा कधी तोंड उघडती ना! ते तिला तिथेच, टाळ्यांमध्ये कळलं. ती उड्या मारत बाईंकडे धावली आणि म्हणाली, "थँक्यू बाई! खूप खूप थँक्यू!" माइक हातात चालूच होता. अख्ख्या सभागृहाने ऐकलं.

ऐकू दे की!