पुलेंगची गरम खुरं

शर्यतीत उठून दिसावी म्हणून मी माझ्या घोडीला, पुलेंगला, रोज पातेलंभर मका चारत होतो. तिचं अंग तुकतुकीत झालं आणि मी शेफारलो. शर्यतीच्या आठवड्यात मात्र ती दगडांवर पाऊल टाकेना. आम्ही डोंगरातली माणसं घोड्यांना नाल ठोकत नाही, तरी ते दगडांवरून बिनदिक्कत चालतात. दगडाला भिणारी घोडी मी कधी पाहिली नव्हती. आळशी झाली म्हणत मी तिला गिरणीपाशी, बायांदेखत, चाबकानं झोडपलं.

खोआबाने, ज्यांना सारं गाव मानानं 'न्ताते' म्हणतं, ते जुने घोडेवाले, दळण खाली ठेवून आले. त्यांनी तिच्या पुढच्या खुरावर हात ठेवला.

"इकडे ये. हात लाव."

खूर तापलं होतं.

"मका जास्त झाला की खुरं आतून सुजतात. दुखतंय म्हणून थांबली, तर मारतोस होय रे? बापाचे पाय सुजले असते तर त्यालाही असाच पळवला असतास?"

बाया हसल्या. माझी मान वर होईना.

शर्यतीच्या दिवशी लोकांनी विचारलं, "घोडी कुठंय?"

"पायात काटा गेलाय," मी म्हणालो. शेजारी न्ताते उभे होते. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

मका बंद केला. वाळकं गवतच घालत होतो, रोज ओढ्याच्या गार पाण्यात उभी करत होतो. न्ताते येऊन कानशीनं खुरं घासून देत. पाच महिन्यांनी ती नीट चालू लागली, तेव्हा मी त्यांची माफी मागितली.

"माझी कशाला मागतोस?" ते म्हणाले आणि कानस पुसून निघून गेले.