रवळूचं मूळ गाव

रवळू सिद्दीला बेळगावात खोली हवी होती. उद्या सोमवारी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामावर हजर व्हायचं, आणि रविवारची दुपार तर टळत आलेली. खोल्या ढीगभर होत्या. अडचण रवळूच्या तोंडवळ्याची होती. ते कुरळे केस आणि काळाभोर रंग बघून दार उघडणारा आधी दचकायचा आणि मग इंग्रजी फाडायचा.

पहिल्या घरी 'नो फॉरेनर्स' म्हणून दार लागलं. दुसऱ्या घरच्या बाईंनी "मराठी किती छान शिकलास रे!" असं कौतुक करून पाणी दिलं, खोली दिली नाही. शिकलास! नंदगडच्या पलीकडच्या वाडीत त्याची आई याच भाषेत त्याला धोपटत आली होती.

तिसरे घरमालक पारिसा आप्पा, मूळचे निपाणीचे, बोलायला गोड. त्यांनी आधार कार्ड उन्हात धरून उलटंसुलटं बघितलं.

"पासपोर्ट न्हाय?"

"आप्पा, मी हितलाच हाय. सिद्दी. खानापूर तालुका."

"ते कळलं रं. पण मूळ गाव?"

"तेच की."

"तसं न्हवं. मूळ, मूळ!"

रवळूचं डोकं सणकलं. मूळ त्याला तरी कुठं ठाऊक होतं? आजा सांगायचा, पोर्तुगीजांनी सिद्दींना आफ्रिकेतून जहाजात घालून गोव्यात आणून विकलं, आपली माणसं जंगलात पळाली. तिथल्या कुठल्या मुलखातून आणलं, ते आज्याच्या आज्यालाही माहीत नव्हतं. ही गोष्ट रवळूला लहानपणापासून टोचायची, आणि आप्पा ती रेशनकार्डासारखी दारात मागत होते.

"तुमचं मूळ कुठलं, आप्पा?"

"निपाणी."

"त्येच्या आधी?"

आप्पांनी डोकं खाजवलं. "त्येच्या आधी बी निपाणीच की."

"मग माझंबी तसंच!"

"तुझं कसं तसं असंल?" आप्पा खरोखरच चकित झाले. वर सल्लाही दिला. "मागच्या गल्लीत तुमची माणसं राहत्यात. आफ्रिकेची पोरं. थितं बघ."

तुमची माणसं म्हणे! रवळू फणफणत निघाला, पण पाय मागच्या गल्लीकडंच वळले. खरं सांगायचं तर त्याला आशा वाटत होती. कोण जाणे, एखादा बघताक्षणी ओळखेल आणि म्हणेल, तू आमचा.

नळावर एक तरुण शर्ट धूत होता. तेच केस, तोच रंग. वाटभर जुळवलेलं वाक्य रवळूनं म्हणून टाकलं.

"हॅलो ब्रदर. व्हिच कंट्री?"

तरुणानं शर्ट फाडकन दगडावर आपटला. "इंडिया! कर्नाटका!" आणि मग दातओठ खात स्वतःशीच, "आता परदेशी बी मलाच इचाराय लागली! हल्याळ सोडल्यापास्नं ह्योच ताप!"

धरणी दुभंगली तर बरं, असं रवळूला झालं. सकाळपासून ज्यांना मनात शिव्या घातल्या, त्यांच्यापेक्षा तो कुठं शहाणा होता?

"मी बी सिद्दीच," तो कसाबसा म्हणाला. "नंदगडच्या पलीकडचा. खोली हुडकतोय."

तरुणाचे हात थांबले. त्यानं रवळूला नीट न्याहाळलं आणि दिवसभरात कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कुणाचा रं तू?"

"देवाप्पाचा."

"ढोल वाजीवतो त्यो? आरं, त्येची भन आमच्या गावात दिलीया की!"

रवळूचे डोळे भरून आले.

"रडतोस काय लेका? पिशवी आत ठेव," तो तरुण म्हणाला.