डब्यात उरलेला दाणा

आमच्या स्पर्लिंग खाडीवरचं चॅपल वर्षातून अकराच रविवार उघडं असतं. आत ना शेगडी, ना वीज. अमेरिकेतल्या या मेन राज्याच्या हिवाळ्यात तिथं देवसुद्धा टिकायचा नाही. जून सरता सरता उघडायचं, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी बंद करायचं. तेवीस वर्षं दारात मी बसते. एका हाताला सुक्या घेवड्याचा वाडगा, दुसऱ्या हाताला पत्र्याचा डबा. आत जाणाऱ्यानं वाडग्यातला एक दाणा डब्यात टाकायचा, बाहेर पडताना डब्यातला उचलून वाडग्यात. बोटीवर निघताना आणि परतल्यावर माणसं मोजतात, त्यातलाच प्रकार. डबा रिकामा झाल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, आणि दुसऱ्याचा दाणा कुणी काढायचा नाही.

यंदा पहिल्याच रविवारी एक दाणा उरला. मी खापर उन्हाळी पाहुण्यांवर फोडलं. पांढऱ्या पँटी घालून येतात, ‘किती गोड प्रथा!’ म्हणतात आणि दाणा विसरून जेवायला पळतात. आत कुणी नव्हतं. ओव्हनमध्ये माझा पाव होता. मी दाणा काढला, खिशात टाकला, कुलूप लावलं. दाणा ओला होता, एवढं मात्र लक्षात राहिलं.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी वहीत एकेक डोकं टिपलं. आले एकेचाळीस, दाणे बेचाळीस. पाहुणे सुटले. मग माझा संशय थर्झावर गेला.

थर्झा ॲली माझी शेजारीण. तिचा मुलगा ऑरिन सात वर्षांपूर्वी शेवंडीचे पिंजरे उचलायला गेला. बोट सापडली ती खडकापलीकडे गोल गोल फिरत. इंजिन चालू, काठावर हातमोजे, बोटीत कुणी नाही. शेवटच्या रविवारी आमच्याकडे बुडालेल्यांची नावं वाचतात. प्रत्येक नावाला घरचं माणूस उठून म्हणतं, ‘किनाऱ्याला लागला.’ आई असेल तर आईनंच म्हणायचं. शंभर वर्षांपूर्वीचे बुडालेलेही असे किनाऱ्याला लागलेत. एक ऑरिन तेवढा राहिलाय. त्याचं नाव आलं की थर्झा ओठ मिटून बसते. पाद्री मनात दहा मोजतो आणि पुढचं नाव घेतो.

आणि यंदा तिची लेक तिला ओहायोला नेणार होती. सोमवारी. तिथून ती परत येईल असं कुणालाच वाटत नव्हतं, तिलाही नाही.

शेवटच्या रविवारच्या आदल्या शनिवारी मी तिच्याकडे गेले. सगळीकडे खोकी, चुलीवर नेहमीचा शनिवारचा घेवडा.

“थर्झा, खरं सांग. तू दोन दाणे टाकतेस ना?”

“मी? अगं, या बोटांनी एक उचलायचा म्हटलं तरी घाम फुटतो.”

मी खिसा टेबलावर रिकामा केला. दहा दाणे. “दर रविवारी एक उरतो. मी काढते. दर वेळी ओला असतो.”

तिनं एक नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. “तू काढलास? दुसऱ्याचा?”

“कुलूप लावायचं होतं. पाव करपत होता.”

“पावासाठी माझ्या पोराला दहा वेळा आत कोंडलंस, हल्डा!”

“मी कोंडलं असेल दहा आठवडे. तू सात वर्षं पाण्यात उभं ठेवलंयस.”

तोंडातून गेलं ते गेलं. तिनं चुलीवरचं झाकण उगाच उचललं, ठेवलं.

“तो शब्द म्हटला की संपलं गं,” ती म्हणाली. “मग दार वाजलं तरी मी उठायची नाही.”

रविवारी त्रेसष्ट डोकी, चौसष्ट दाणे. बाहेरगावाहून आणलेला उसना पाद्री नावं चुकीची वाचत होता. वर तुळईला टांगलेली शिडाची छोटी लाकडी होडी वारा नसताना हळूच वळत होती. ‘ऑरिन ॲली.’ मी पाद्र्याचे ओठ पाहत मोजत होते. आठ. नऊ.

थर्झा उठली. लेकीनं हात धरला, तो तिनं सोडवला.

“लागला,” ती म्हणाली. आवाज फुटला. परत म्हणाली, “किनाऱ्याला लागला.”

सगळे बाहेर पडले. थर्झानं आपला दाणा उचलला. डब्यात एक उरला, ओला. माझा हात सवयीनं पुढे गेला.

“खबरदार,” ती म्हणाली.

दार सताड उघडं ठेवून आम्ही दोघी पायरीवर बसलो. लेक गाडीतून दोनदा हॉर्न वाजवून थकली. धुकं धक्क्यापर्यंत आलं. आमच्यात जेमतेम हातभर जागा होती. बऱ्याच वेळानं थर्झानं स्कर्ट गोळा केला आणि बाजूला सरकली. बाकावर कुणाला वाट देताना सरकतात ना, तशी. मीही सरकले. का, ते विचारू नका. थंडगार काहीतरी माझ्या गुडघ्याला घासून गेलं.

“बघ आता,” ती हळूच म्हणाली.

मी आत जाऊन पाहिलं. डबा रिकामा होता. तळाशी चमचाभर पाणी होतं. बोट बुडवून चाखलं तर खारट.

मी कुलूप लावलं. थर्झा धुक्याकडे पाठ करून गाडीकडे निघाली होती. एकदाही वळली नाही.