दहापैकी दहा

जानेवारीतल्या त्या रविवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या टोलिडो शहराच्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. अमेरिकी फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना होता. लेनर्ड झिलिन्स्कीच्या बैठकीत टायरच्या कारखान्यातली दहाबारा माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि त्याची बायको डोरीन कोंबडीच्या तिखट पंखांची ताटं पुरवता पुरवता दमली होती.

या घरची रीत उफराटी. खेळ चालू असताना सगळे खुशाल बडबडत, जाहिरात लागली की लेनर्ड ओरडे, "गप्प बसा रे!" ती संपली की पुरुषांनी बोटं वर करून दहापैकी गुण द्यायचे. बाईच्या अंगावर कपडे जितके कमी तितकी बोटं जास्त, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण चुकतही नसे. लेनर्डची मुलगी रोझलिन लहान असताना ती बोटं मोजून वहीत लिहायचं काम तिचं असे.

तीच रोझलिन आज टीव्हीवर दिसणार होती. दोन वर्षं लॉस एंजलिसला चपला झिजवून तिला बिअरच्या जाहिरातीत काम मिळालं होतं, ट्रक चालवणाऱ्या बाईचं. एक वाक्यही होतं: "ट्रक माझा, रस्ताही माझाच." लेनर्डनं ते अख्ख्या कारखान्याला ऐकवलं होतं.

"बापावर गेलीय पोरगी," शेजारचा गस म्हणाला. "तुझंही तोंड कुठं बंद असतं?"

तिसऱ्या सत्रात एक जाहिरात लागली. चिखलानं माखलेला ट्रक आणि तो धुणारी बाई. पाणी सगळं तिच्याच अंगावर. कॅमेरा मानेच्या वर जायलाच तयार नव्हता. मग एक पुरुष आला, त्यानं बर्फातली बाटली उचलली, दुसऱ्या हातानं तिला मागून चापट मारली आणि म्हणाला, "दोन्ही आपल्याच!"

बैठक खदखदून हसली. "हिला चेहरा हवाय कशाला?" म्हणत लेनर्डनं दोन्ही हात वर केले.

पडद्यावर शेवटी तिचे ओले पाय तेवढे उरले. डाव्या गुडघ्यावर पाच टाक्यांचा वण होता. गॅरेजच्या छपरावरून पडलेल्या नऊ वर्षांच्या पोरीला इस्पितळात उचलून नेणारा लेनर्डच होता.

"हात खाली घे," दारातून डोरीन म्हणाली.

गसनं आपली बोटं खिशात घातली. कुणी कुणाकडे बघेना. वीस वर्षांत लेनर्डनं कितीजणींना दहा दिले होते. त्यांचे बाप कुठं बसून बघत असतील, हा विचार त्याला कधी शिवलाही नव्हता. आता लाजेनं त्याला बसवेना.

फोन वाजला.

"बाबा, वाक्य कापलं त्यांनी," रोझलिन म्हणाली. "चेहराही. मलाही आत्ताच कळलं, सगळ्यांबरोबर बघताना."

"रोझी, बाळा..."

"तुझी बोटं किती होती? खरं सांग."

थाप जिभेवर आली होती. पण आजवर या पोरीशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"दहा."



"वहीत लिहून ठेव, बाबा," ती म्हणाली. "आणि पुढं माझं नाव घाल."