कोटरीचं बी

“हात नका घालू मॅडम. हाताले साबन लागली असन, मरते मासोळी,” बिजलीबाई म्हणाली.

मत्स्य खात्याच्या प्रेरणा मॅडमनी हात मागे घेतला. बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या सिमेंटच्या हौदात बोटभर कोटऱ्या फिरत होत्या. शेपटीजवळ काळा ठिपका, बाकी अंग चांदीचं. नेरपासून इथपर्यंत चार तलाव पालथे घालूनही मॅडमना ही मासोळी कुठेच मिळाली नव्हती. आता सरकारला ती हवी होती. केंद्रात वाढवायची, तलावांत सोडायची, अंगणवाडीतल्या पोरांना खाऊ घालायची.

“काट्यासकट खाल्ली की हाडं मजबूत होतात, आजी.”

“मले सांगता? माह्या सुनेच्या दोन्ही बाळंतपनात हाच रस्सा होता.”

मॅडमच्या मागे विठ्ठलराव उभे होते. तांड्यामागच्या तलावाचा ठेका त्यांचा. कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. “आमच्या बिजलीबाईनं जपली मॅडम,” ते हसत म्हणाले. “म्याच सांगतलं होतं, एवढं बी राहू दे म्हनून.”

बिजलीबाईच्या डोक्यात तिडीक गेली. इतका धादांत खोटारडा माणूस, आणि वर दात काढतो!

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तलाव आटून डबक्याएवढा राहिला होता. रोहू-कटल्याचं बीज सोडण्याआधी ही ‘कचरा मासोळी’ मारायची म्हणून विठ्ठलरावांनी त्यात ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी करवली. तांड्याची पिढ्यान् पिढ्यांची कालवणं पोट वर करून तरंगली. काठाच्या चिखलात जिवंत सापडल्या तेवढ्या कोटऱ्या बिजलीबाईनं हंड्यात वेचल्या, तर “चोरटी कुठची!” म्हणत विठ्ठलरावांनी हंड्याला लाथ घातली. ते गेल्यावर तिनं पुन्हा वेचल्या. ज्वारीचं बी राखेत ठेवतात तसं तिनं कोटरीचं बी हौदात ठेवलं आणि तीन उन्हाळे हातपंपाचं पाणी वाहिलं.

ती घरात गेली. चेपलेला हंडा आणून तिनं विठ्ठलरावांच्या पायाशी आदळला.

“हा हंडा वळखतं का? तुह्या लातीचा चेपा हाय.”

आजवर ती त्यांना अहोजाहो करायची.

“याडी, जाऊ द्या ना,” सून बबिता सासूच्या कानाशी कुजबुजली.

“काहून जाऊ देऊ? मॅडम, मासोळी देतो. पन लिहून द्या, यंदा तळ्यात पावडर पडनार नाई.”

मॅडमनी मान खाली घातली. “ते माझ्या हातात नाही, आजी. ठेका त्यांचा आहे. सांगून बघते.”

पोरगी खोटं बोलली नाही, एवढंच.

“मंग आर्धीच भेटन. आर्धं बी घरातच राह्यते.” मॅडमनी प्लास्टिकची पिशवी उघडली, तशी बिजलीबाई आडवी आली. “पिशवी नको. ह्याच हंड्यात न्या. आन नेनार हा. डोक्यावर.”

विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. पण मॅडमच्या या मासोळी योजनेच्या लाभार्थी यादीत त्यांचं नाव होतं, आणि ते कटायची भीती लाजेपेक्षा मोठी होती. अख्ख्या तांड्यासमोर हंडा डोक्यावर घेऊन ते जीपपर्यंत चालत गेले. पाणी हिंदकळून सदरा भिजत होता. दारादारांतून बाया बघत होत्या. कोणी हसलं नाही. बायांचाही राग हसण्यावारी जाणारा नव्हता.

मे महिन्यात एका सकाळी तलावाकडून वारा आला आणि त्याच्यासोबत तोच ब्लीचिंग पावडरीचा नाक जाळणारा वास. बिजलीबाईनं एक कचकचीत शिवी हासडली आणि हौदावर गोणपाट ओढलं. पाणी वीतभर उतरलं होतं. हंडा काही परत आला नव्हता. तिनं बबिताची बादली उचलली आणि ती हातपंपाकडे निघाली.